दुखतं का, आजी?

आमच्या जेजू बेटावर पाणबुड्या बायका दुखणं बोलून दाखवत नाहीत. जी बोलते, तिला खोल समुद्रातून काढून उथळ पाण्यातल्या म्हाताऱ्यांत धाडतात.

माझ्याबरोबर खोल समुद्रात उतरणाऱ्या मालसुनताईचा खांदा धरला होता. दवाखान्याच्या व्यायामखोलीत ती माझ्या शेजारी बसे. व्यायाम करून घेणारी सोरी नावाची मुलगी तिला रबरी पट्टा ओढायला लावी आणि दर वेळी विचारी, "दुखतं का, आजी?"

"छे. शंखांनी भरलेलं जाळं ओढणारी बाई मी. हे तर नाडी ओढल्यासारखं."

मग सोरी आणखी कडक पट्टा देई. दुखत नसेल तरच ताण वाढवायचा, असा तिथला नियम होता.

आज खांदा सुजला आणि हात वर होईना. थोरले डॉक्टर सर्वांदेखत सोरीला म्हणाले, "एवढी घाई कसली होती तुला?"

"चूक माझी," सोरी मान खाली घालून म्हणाली.

मालसुनताईचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे पाहिलं. ही गावात सांगणार, हेच तिच्या डोळ्यांत होतं.

"पोरीला बोलू नका," ती हळूच म्हणाली. "पहिल्यापासून दुखत होतं. मीच नाही म्हणत आले."

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. माझ्या पायांत सपाता होत्या.

सोरीने पट्टा बाजूला ठेवला, ताईचा हात आपल्या हातांवर घेतला आणि जरासा उचलला.

"दुखतं का, आजी?"

"दुखतं," ताई भिंतीकडे बघत म्हणाली.