मिरचीच्या पानाखाली मी काय पाहिलं

मी एक जुना, दात घासायचा ब्रश आहे. हसू नका मित्रांनो. तुमच्याही घरी माझा एक भाऊबंद मगमध्ये उभा आहे आणि त्याला तुमचं सगळं माहीत आहे.

कारखान्यात यंत्रानं डोक्यात निळे-पांढरे केस ठोकले तेव्हा मी देखणा होतो. मग काकांच्या तोंडात गेलो. काका मला चावत चावत फोनवर बोलायचे. तीन महिन्यांत माझे केस चहूकडे पसरले. पुढे कंगवे घासले, मग नळ, मग चपला. चपलेनंतर कुणी विचारत नाही.

पण काकूंच्या मिरचीच्या झाडाला मावा, म्हणजे ती बारीक कीड, लागला आणि माझं नशीब उघडलं.

गॅलरीत मिरचीच्या तीन कुंड्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या जाऊबाई काकूंना म्हणाल्या होत्या, "तुझ्या हातून गवतसुद्धा उगवत नाही. एक मिरची खाऊ घाल, मग मानेन." तीन कुंड्यांतली दोन झाडं वाळून गेली. तिसऱ्याला कळ्या होत्या, आणि पानांखाली दाटीवाटीनं मावा. हिरवा, मऊ, रस पीत बसलेला.

काकूंनी मला साबणाच्या पाण्यात बुडवलं, पान बोटावर उलटं धरलं आणि म्हणाल्या, "या आता एकेक."

काय सांगू मजा. आई, पोरं, पाहुणे, सगळे एका फटक्यात. अंगावरून गेलो की बारीक टच्च व्हायचं. दातांत कधी एवढा आनंद मिळाला नव्हता.

एका सकाळी पानाखाली नवी मंडळी दिसली. काळी, काटेरी, पाठीवर केशरी ठिपके. मी अगदी जवळून पाहिलं. एकानं मावा उचलला, चोखला आणि रिकामी साल टाकून दिली. माझं डोकंच फिरलं. मित्रांनो, तो माझा मावा होता.

"हेच ते," काकू म्हणाल्या. "हेच झाड खातायत."

मला खरं ठाऊक होतं. तोंड असतं तरी मी बोललो नसतो. उलट केस ताठ केले. वीस जण चिरडले, सावकाश, चवीनं.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. "काय घासतेस गं?"

"किडे, ताई. पानं खातात."

जाऊबाईंनी मला उचलून डोळ्यांशी धरलं. "पानं कुठली? मावा खातात ते. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे असतात ना, त्यांची पिल्लं ही. चोर सोडलास आणि पोलीस मारलेस."

"आधी सांगायचं ना."

"झाड माझ्यापासून लपवत होतीस. सांगू कुणाला, कुंडीला?"

काकूंचा चेहरा उतरला. मला मात्र गुदगुल्या होत होत्या, कारण एक पिल्लू माझ्या केसांत अडकून वळवळत होतं. काकूंनी स्वतःच्या केसांतली पिन काढून त्याला सोडवलं. त्याचे दोन पाय माझ्यापाशीच राहिले. उरलेल्या चारांवर ते पानभर खुरडलं आणि सगळ्यात आधी एक मावा खाल्ला.

त्या लंगड्याच्या जिवावर झाड तगलं. कळ्या सगळ्या गळल्या, एक सोडून. तिची मिरची झाली, वाकडी, करंगळीएवढी. जाऊबाईंनी ती अख्खी खाल्ली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि काकूंकडे न बघता म्हणाल्या, "बियाणं ठेवायला हवं होतं."

मित्रांनो, पान उलटा, आधी नीट बघा, कोण कुणाला खातंय ते. मगच घासा. आणि ब्रशला विचारू नका. त्याला घासायलाच आवडतं.