घरी सगळं बरं आहे

रविवारी संध्याकाळी नेमबाजीच्या शिबिरातल्या मुलींना त्यांचे फोन थोड्या वेळापुरते परत मिळत. त्या रविवारी तुंग रुईझनने घरी फोन लावला, तेव्हा तिचे वडील ईशान्य चीनमधल्या बेन्शीच्या घरी गॅलरीत बसून हिवाळ्यासाठी कोबी मिठात घालत होते. निदान त्यांनी तसं सांगितलं.

"रायफलवाल्या बाईसाहेब आहेत का?"

"बाबा, मीच बोलतेय."

"मग आवाज असा का? माशी गिळलीस?"

"नाही हो. जेवले आत्ताच."

"काय घातलं खायला?"

"मासा, भात."

"तरीच! इकडे ये, आंबवलेल्या कोबीत डुकराचं मांस शिजवून घालतो. तुझी आई म्हणते मीठ जास्त झालं. तिला काय कळतंय!"

"हो, सगळं तुम्हालाच कळतं!" मागून आई म्हणाली.

मग वडिलांनी नेहमीचं विचारलं, "मन कसं आहे? भीतीबिती?"

"छे! ठीक आहे मी."

"इकडेही सगळं बरं आहे. तू फक्त नेम धर."

त्याच आठवड्यात ते गेले. रुईझनला ते कळलं राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी संपल्यावर.

पुढच्या रविवारी फोन मिळाले नाहीत, पण त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. स्पर्धा तोंडावर आली की असंच होई. मुली पत्ते खेळत बसल्या, रुईझन पुस्तक घेऊन खिडकीशी बसली. जेवताना प्रशिक्षक पेंग सरांनी तिच्या ताटात आपल्या हाताने मासा वाढला. एरवी ते कोणाला काही वाढत नसत. आपली तयारी चांगली झाली असावी, असं तिला वाटलं.

संघाचे मानसतज्ज्ञ फान सर परदेशातून शिकून आले होते. पहिल्या वर्षी ते एकेकाला समोर बसवून 'मनातलं सांगा' म्हणत, आणि खेळाडू आपल्या बुटांकडे बघत राहत. त्या खोलीतलं पेंग सरांच्या कानावर जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अडचण तेवढीच नव्हती. भीती वाटते म्हणायचं म्हणजे पेंग सरांची मेहनत, प्रांताने घातलेलं अन्न, आईबापांनी काढलेली वर्षं, सगळ्यांनाच उणं म्हटल्यासारखं होई. ते फान सरांच्या लवकरच ध्यानात आलं. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि ते चहा करायला लागले. मुली येत, चहा पीत, थोडा वेळ कुंचल्याने अक्षरं गिरवत, 'ठीक आहे सर' म्हणत आणि जात. रुईझन सगळ्यांत चांगलं 'ठीक आहे' म्हणायची.

अंतिम फेरीच्या आदल्या दुपारी मात्र ती त्यांच्या खोलीत गेली आणि चहाला हात न लावता म्हणाली, "सर, आज मला जरा..."

फान सर कप भरत होते. चहा कपाबाहेर गेला, तरी त्यांचा हात थांबेना.

"उद्या फक्त श्वासाकडे बघ," ते घाईने म्हणाले. "दुसरं काही आज मनात आणू नकोस."

तिने तोंड मिटलं. सर दमलेत, असं तिला वाटलं. उरलेलं वाक्य घेऊन ती परत आली.

दुसऱ्या दिवशी ती जिंकली.

पदक गळ्यात होतं तेव्हाच पेंग सरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. सांगताना तेच रडले. "स्पर्धेआधी तुला कळू नये, अशी तुझ्या आईची इच्छा होती, पोरी. तुझ्या बाबांचीही."

संघात सगळे म्हणाले, केलं ते योग्यच केलं. पदकच समोर होतं, वाद कोण घालणार? रागावायला तिने मनात माणूस शोधून पाहिला. आईच्या जागी ती असती, तर तिनेही हेच केलं असतं.

फान सर तिच्यासोबत बेन्शीला आले, फळांची पिशवी घेऊन. आईने त्यांना मानाने बसवलं, जेवायला घातलं, पदक नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवलं. "बघा, आणलं की नाही पोरीने!" एवढं बोलून ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली.

दुपारी तिघं दफनभूमीच्या टेकडीवर निघाली. आई पुढे चालत होती.

"तुझे बाबा मला फोन करायचे," फान सर म्हणाले. "हॉस्पिटलातून."

"तुम्हाला? कशाला?"

"एकच विचारायचे. ती घाबरते का?"

"मग?"

"तू सांगायचीस तेच मी सांगायचो. नाही घाबरत. ते म्हणायचे, सर, मला नाही पटत." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "शेवटच्या वेळी म्हणाले, घाबरत असेल तर तिला सांगा, बाप जन्मभर पोलादाच्या भट्टीपुढे उभा राहिला आणि रोज घाबरला."

रुईझन थांबली. "आणि तुम्ही हे मला सांगितलं नाहीत."

"ते कुठून बोलत होते, हे तू विचारलं असतंस. मला तोंडावर खोटं बोलता येत नाही."

ती पुन्हा चालू लागली.

वर वारा होता. आईने कबरीच्या दगडाच्या आडोशाला मृतांसाठी जाळायच्या कागदी नोटा पेटवल्या, काठीने खालीवर केल्या. "जिंकल्याचं सांग त्यांना," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

रुईझन गुडघे टेकून बसली. तीनदा वाकली. आई ऐकत होती, फान सर मागेच उभे होते. तिने आवाज खाली आणला नाही.

"बाबा, मी घाबरते," ती म्हणाली. "दर वेळी घाबरते. त्या रविवारी तुम्ही विचारलंत ना, तेव्हाही मी फार घाबरले होते."