तीन किलोमीटरच्या आत

मैथाने कॉफीचा शेवटचा घोट घेतला, पुरे म्हणून रिकामा पेला दोनदा हलवून म्हाताऱ्याच्या हातात परत दिला आणि मग कागद पुढे सरकवला.

"काका, आता तेवढी सही."

बू मुसब्बहने कागदाकडे पाहिलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खजुरांची थाळी ठेवली आणि कुंपणापलीकडे नजर टाकली.

"वारा वायव्येचा आहे," तो म्हणाला. "मियासाचे दिवस भरलेत. असल्या वाऱ्यात उंटिणी लवकर मोकळ्या होतात."

"हो का? चांगलं आहे. काका, सही."

"इन्शाल्ला, पोरी. इन्शाल्ला."

मैथाने थाळीखालून कागद ओढून घेतला. त्यावर खजुराच्या पाकाचं एक गोल उमटलं होतं. ही आठवी खेप. प्रत्येक खेपेची नोंद तिच्या वहीत होती: तारीख, वेळ, प्यालेल्या कॉफीचे पेले, झालेलं बोलणं. बोलण्याच्या रकान्यात आठही वेळा वारा होता, सहा वेळा मियासा होती आणि सही एकदाही नव्हती.

वर्तुळ तिनेच आखलं होतं. पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या रॉकेटाची इंजिनं आधी जमिनीवर बांधून पेटवायची होती. त्यात काही फुटलं तर तुकडे कुठवर उडतील याचं गणित तिने सहा महिने केलं होतं, आणि उत्तर आलं होतं तीन किलोमीटर. त्या वर्तुळात वाळू होती, खारट माती होती, दोन घाफची झाडं होती आणि बू मुसब्बहचा उंटांचा गोठा होता. उड्डाणमंचापासून दोन हजार आठशे चाळीस मीटर. एकशे साठ मीटरांसाठी ती आठ वेळा इथे येऊन बसली होती.

दक्षिणेला चौदा किलोमीटरवर त्याच्यासाठी नवा गोठा बांधून तयार होता. पाणी, वीज, सावली, सगळं होतं. म्हातारा तो पाहून आला होता. फार सुंदर आहे, म्हणाला होता. आणि परत येऊन इथेच बसला होता.

गाडीत बसल्यावर सालमीन हसायला लागला. सालमीन मोजणीदार, पन्नाशी उलटलेला, आतल्या वाळवंटातला. एरवी तो तिला सोडून पाण्याच्या टाकीपाशी गोठ्यावरच्या माणसांशी गप्पा मारत थांबे. आज पहिल्यांदाच बैठकीत येऊन बसला होता.

"हसण्यासारखं काय झालं?"

"तू रोज अशीच करतेस?"

"कशी?"

"कॉफी पिऊन टाकतेस, आणि मग मागतेस."

"मग काय करू? न पिता मागू? उद्धटपणा नाही का तो?"

सालमीनने कपाळाला हात लावला. "अगं बाई, समुद्राकडची माणसं तुम्ही. तुमच्या आजोबांनी मोती काढले असतील, पण बैठकीत कसं बसायचं ते नाही शिकवलं. ज्याला काही मागायचं असतं तो पेला घेतो आणि समोर जमिनीवर ठेवतो. ओठाला लावत नाही. मग घरधनी विचारतो, काय हवं? आणि 'दिलं, पी आता' असं म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही. पाहुणा न पिता उठून गेला तर घराची अब्रू गेली. तू पेला रिकामा केलास म्हणजे तुझं काही मागणं नाही. नुसती भेटायला आलीस. आठ वेळा भेटायला आलीस! म्हातारा गावभर सांगत असेल, सरकारची पोरगी किती प्रेमळ आहे."

मैथाने वही उघडली. आठ खेपा, तेवीस पेले.

"हे तू मला आता सांगतोयस?"

"तू विचारलंस कधी?"

तिने वही मिटली आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर पाहत काढला.

चाचणी गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळपर्यंत वर्तुळ रिकामं झालं नाही, तर पोलिसांना बरोबर घेऊन नगरपालिकेची माणसं येणार आणि चाळीस उंट हाकून ट्रकमध्ये कोंबणार, हे ठरलेलं होतं. प्रकल्पप्रमुख डॉक्टर घानिम यांना मात्र ते नको होतं. त्यांना कागदावर 'स्वखुशीने' हा शब्द हवा होता. "तू इथलीच मुलगी," ते दर वेळी म्हणत, "दोन गोड शब्द बोल." आणि पुन्हा प्रतीक्षागृहाच्या गालिच्यांचे नमुने पाहायला लागत. अवकाशात जायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली वाळूचा रंग हवा की आकाशाचा, यावर तीन आठवडे बैठका चालल्या होत्या.

बुधवारी सकाळी मैथा नवव्यांदा जाऊन बसली. बाहेर रिकामे ट्रक उभे करून ठेवले होते. बू मुसब्बहची बायको, सोनेरी मुखपट्टा बांधलेली उम मुसब्बह, मागच्या गादीवर खजूर निवडत होती. म्हाताऱ्याने लांब चोचीच्या किटलीतून तळ भिजेल इतकी कॉफी ओतून पेला पुढे केला. मैथाने तो उजव्या हातात घेतला आणि चटईवर ठेवला.

"पी, पोरी. गार होईल."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"वेलची आजच कुटलीय. पी."

उम मुसब्बहचे हात थांबले. म्हाताऱ्याने आधी पेल्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या सालमीनकडे.

"ह्याने शिकवलं," तो म्हणाला. "तरी म्हटलं, काल हा आत का आला."

म्हणजे याला सगळं कळत होतं. ती पिऊन टाकत होती आणि हा ओतत होता. मैथाची कानशिलं तापली, पण तिने हात मांडीवरून हलवला नाही. बाहेर एक उंट गुरगुरला.

"माग," शेवटी म्हातारा म्हणाला.

"आज संध्याकाळच्या आत गोठा इथून हलवा, काका."

"दिलं. पी आता."

कॉफी गार झाली होती. तिने ती पिऊन टाकली.

त्यानंतर त्याने वेळ घालवला नाही. सही केली, उठला, इद्रीसला हाक मारली. इद्रीस सुदानी, वीस वर्षांपासून या उंटांमागे असलेला. दोघांनी मिळून तासाभरात निम्मा कळप चढवला, दुपारपर्यंत उरलेला. मैथा सावलीत उभी राहून मोजत होती. शेवटच्या ट्रकला फळी लावली आणि मियासाला पुढे आणलं, तेव्हा मोजणी थांबली. पोट खाली ओघळलेलं, शेपटीचं मूळ सैल पडलेलं. फळीवर पुढचे पाय ठेवून ती अडून बसली. इद्रीस ओढत होता, म्हातारा मागून खांदा लावत होता आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. पाऊण तास गेला.

"हिला असंच न्यायचं?" मैथाने विचारलं.

"तेरा महिने वाट पाहिलीय," उम मुसब्बह तिच्या शेजारी येऊन म्हणाली. "आज, उद्या, परवा. रस्ता सगळा खड्ड्यांचा. हिची आई अशीच ट्रकमध्ये गेली, पिल्लासकट."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तो रोज सांगत होता, बाई."

मैथाला वहीतला रकाना दिसला. वारा, मियासा, वारा, मियासा. तिने तो गप्पा म्हणून भरला होता.

"काका, हिला तेवढी राहू द्या."

"तुझ्या वर्तुळात उंटिणीला सूट आहे?"

सूट नव्हती. फुटलेला तुकडा पोट पाहून वळत नाही. मैथा फळीपासून बाजूला झाली. मियासा एकदाची वर चढली. तेवढ्यात फोन वाजला.

"मैथा, सही झाली?" डॉक्टर घानिम.

"झाली. ट्रक भरतायत."

"उत्तम. तशी आता घाई नाही. चाचणी बारा दिवस पुढे गेली."

"का?"

"खुर्च्या. पाहुण्यांच्या सज्ज्यातल्या खुर्च्या पूर्वेकडे तोंड करून बसवल्यात."

"मंच पश्चिमेला आहे."

"अगं, मला माहीत आहे मंच कुठे आहे! बसवणाऱ्याने घरच्या बैठकीत मांडतात तशा मांडल्या. मोठ्या पाहुण्यांचं तोंड दाराकडे, आणि दार पूर्वेला. बोल्ट ठोकून, वर संगमरवर घातलाय. आता सगळं उखडायचं. राजघराण्यातल्या माणसांना काय रॉकेटाकडे पाठ करून बसवू?"

"डॉक्टर, सहा महिने मी तुकड्यांचं गणित..."

"तुझं गणित बरोबरच आहे. आमच्या खुर्च्या चुकल्या." फोन बंद झाला.

मैथाने एक मोठा श्वास घेतला आणि ट्रककडे पळत गेली.

"काका, उतरवा! चाचणी पुढे गेली. बारा दिवस आहेत. मियासाला मोकळी होऊ द्या, मग जा."

म्हाताऱ्याने दोराची गाठ आवळली. "तू काय मागितलंस? आज संध्याकाळच्या आत."

"ते मी परत घेते."

"मी दिलं, तू प्यालीस. दिलेलं परत घेणारा मी कोण, आणि परत करणारी तू कोण?"

"अहो, पण कारणच उरलं नाही!"

"मी कारण विचारलं होतं?"

"काका, तिची आई ट्रकमध्ये मेली ना?"

त्याचा हात गाठीवर थांबला. मग त्याने दुसरी गाठ मारली. "तुला कोणी काही सांगितलं असेल. आज संध्याकाळी हे कुंपण भरलेलं दिसलं तर उद्या पलीकडचे म्हणतील, बू मुसब्बहने पाहुणीला कॉफी पाजली आणि शब्द वाळूत पुरला. माझ्या बापाचं नाव आहे इथे."

मैथाने सालमीनकडे पाहिलं. सालमीन आकाशाकडे पाहत होता. आठ दिवस जा म्हणून विनवलं तर हा जाईना, आणि आता राहा म्हणावं तर राहीना. तिला ओरडावंसं वाटलं. बुटाने वाळू उडवावीशी वाटली. त्याऐवजी तिने बूट काढले. ते नीट जोडीने दाराशी ठेवले, बैठकीत गेली आणि उम मुसब्बहच्या गादीवर मांडी घालून बसली.

"हे काय?" म्हातारा बाहेरून म्हणाला.

"पाहुणी आले."

"तू मघाशीच गेलीस."

"मघाशी कामाला आले होते. आता राहायला आले. तीन दिवस." तिने वही बाजूला ठेवली. "तीन दिवस पाहुण्याला का आलास असं विचारत नाहीत, हे समुद्राकडच्या पोरांनाही ठाऊक असतं. घरात पाहुणा असताना घरधन्याने घर उचलून नेलेलं मी तरी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी तुमचा शब्द पाळा. मी स्वतः ट्रक आणते."

सालमीनला खोकला आला. उम मुसब्बहने मुखपट्टा सारखा केला. त्यामागे काय चाललं होतं ते कळलं नाही.

म्हातारा दारात येऊन उभा राहिला. दाराशी जोडीने ठेवलेले तिचे बूट त्याने पाहिले.

"तुझ्या घरी माहीत आहे?"

"फोन करते."

"मांस खातेस ना? आता बकरं कापावं लागणार," तो करवादला. "आज सकाळपासून माझ्या घरात माझंच काही चालेना. एकीने सांगितलं जा, तीच म्हणते बसा. आणि हा मोजणीदार उभा राहून दात काढतोय!"

"मीही पाहुणाच की, काका."

"तू नाहीस. तू ट्रक रिकामे करून परत ने." मग मागे वळून तो ओरडला, "इद्रीस! उतरव सगळे!"

फळ्या पुन्हा लागल्या. उंट एकेक करून खाली आले, काहीच झालं नसल्यासारखे गव्हाणीपाशी गेले. शेवटच्या ट्रकमधून मात्र कोणी उतरेना. इद्रीसने दोर ओढला, हाका मारल्या, शेवटी शिव्या दिल्या. चढायला पाऊण तास लावलेली मियासा आता ट्रकच्या तळावर बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

"ही पण तुझ्यासारखीच," म्हातारा मैथाला म्हणाला.

उम मुसब्बह फळीवरून वर गेली. तिने मियासाच्या मागे बसून शेपटी बाजूला केली आणि थोडा वेळ पाहिलं. मग मान वळवली.

"इंजिन बंद करा," ती म्हणाली. "इद्रीस, गरम पाणी आण. आणि तू, पाहुणीबाई, अंगठी काढून ठेव, बाह्या वर कर आणि ये इकडे."