दुसरं पिल्लू

गरुडाच्या घरट्यात दुसरं पिल्लू येतं ते मार खायलाच. पहिलं अंड्यातून आधी बाहेर आलेलं असतं, अंगाने थोराड असतं, आणि ते धाकट्याचं डोकं टोचून टोचून त्याला संपवतं. आई शेजारी बसून बघते. बळी तो कान पिळी, तिथे दुसरा कायदा नाही. पण ही जात इतकी थोडी उरली आहे की धाकट्याला मरू देणं आम्हाला परवडत नाही. म्हणून माझा दादा कड्यावर चढून धाकटं उचलून आणतो. आम्ही ते आमच्या पक्षी-संवर्धन केंद्रात वाढवतो आणि भांडायचं वय सरलं की परत घरट्यात ठेवतो. खाली दोर मी धरते.

या खेपेला मादी मागून आली. दादाने वळून पाहिलं, तिथेच चुकलं. तिचं नख त्याच्या उजव्या डोळ्यात रुतलं. तो किंचाळला तशी मी भराभर दोर सोडायला लागले.

"हळू सोड. शर्टात पिल्लू आहे."

मी हळू सोडला. तो खाली पोचायच्या आधी त्याचं रक्त माझ्या हातांवर आलं.

डोळा गेला. "डोळा देऊन कोंबडी आणली," वहिनी दवाखान्यात म्हणाली आणि मग ढसाढसा रडली.

पट्टी बांधूनच दादा केंद्रात आला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका घरट्यातलं धाकटं आलं, डोकं सोललेलं. एका पेटीत एकच पिल्लू, हा आमचा नियम. पण दुसऱ्या पेटीचा उबेचा दिवा जळाला होता आणि नवा सकाळी मिळणार होता.

"दोघंही मार खाल्लेली आहेत," दादा म्हणाला. "एक रात्र राहतील गुण्यागोविंदाने."

मलाही ते पटलं.

सकाळी नवं पिल्लू कोपऱ्यात मरून पडलं होतं. डोक्यावर कातडी उरली नव्हती. आमचं त्याच्या अंगावर उभं राहून अजून टोचत होतं. बिचारं आगीतून उठून फुफाट्यात पडलं होतं.

माझं डोकं फिरलं. ह्या मेल्यासाठी माझ्या भावाचा डोळा गेला! मी त्याची मान धरली आणि आवळली. ते पाय झाडू लागलं. दादाने माझं मनगट असं पिरगळलं की हाड वाजलं. लहानपणीसुद्धा त्याने कधी माझ्यावर हात उचलला नव्हता.

"सोड त्याला. एकत्र आपण ठेवली. ते मारणारच होतं."

"आणि तुझा डोळा?"

"तो त्याच्या आईने घेतला."

मी सोडलं. दादाने चिमट्यात मांसाचा तुकडा धरला. एका डोळ्याने त्याला अंतर कळेना. चिमटा दोनदा चोचीच्या बाजूने गेला. मग पिल्लूच पुढे सरकलं आणि त्याने तुकडा ओढून घेतला.

मी मेलेलं पिल्लू उचललं. दिव्याखाली होतं, म्हणून अजून गरम लागत होतं.