उजवीकडची झाडं

“अरे टायप्या, उलटा उभा राहिलायस!” बॉयलर ओरडला.

तो ओरडला की आजही मागच्या झाडावरची पाखरं उडत. त्याचा जन्म कागदाच्या कारखान्यात, बॉयलरच्या धडधडाटात गेला होता. तिथे हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नसे. घरी, दवाखान्यात, स्मशानातसुद्धा तो त्याच पट्टीत बोलायचा, म्हणून त्याचं नाव बॉयलर. आणि त्याच कारखान्याच्या ऑफिसात आयुष्यभर टाइपरायटर बडवला म्हणून दुसऱ्याचं नाव टायपिस्ट. खरी नावं पगाराच्या दिवशी पुकारली जायची, तेवढ्यापुरती.

टायपिस्टने मान वर केली नाही. डोंगरावरच्या त्या गोल्फच्या मैदानात, पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, तो चेंडूच्या दुसऱ्या अंगाला उभा होता. बॉयलरने त्याला आजवर जिथे उभं केलं होतं, त्याच्या बरोब्बर समोर. हातात नवी काठी होती. तिचं पातं आरशात पाहिल्यासारखं भलत्याच बाजूला वळलेलं.

“उलटा नाही,” तो म्हणाला. “आत्ता कुठे सुलटा उभा राहिलोय.”

“म्हणजे?”

“काठी डाव्या हाताची आहे. मुलीने पाठवलीय. अख्खा संच.”

बॉयलरने बॅगेत डोकावून बाकीच्या काठ्याही बघितल्या.

टायपिस्ट जन्माचा डावरा होता. लहानपणी त्याने डाव्या हाताने पहिलं अक्षर गिरवलं आणि घरात अशुभ घडल्यासारखी धावपळ झाली. आईने जुन्या चादरीची एक पिशवी शिवली आणि डावा हात त्यात घालून मनगटाशी नाडी बांधली. आई दुष्ट नव्हती. गाठ मारताना ती फुंकर घालायची, रात्री पिशवी काढून बोटं चोळून द्यायची. “लोकांत हसं होतं रे राजा,” एवढंच म्हणायची. पिशवी सुटली तोवर उजवा हात सगळं शिकला होता. शिकला म्हणजे काय, सावत्र मुलाने घरकाम शिकावं तसा शिकला. टाइपिंगच्या वर्गात गेल्यावर मात्र त्याला हायसं वाटलं. तिथे दोन्ही हातांना सारखं काम होतं. कोणता हात खरा, हे यंत्र विचारत नव्हतं.

कारखान्याच्या मागे साहेब लोकांचं छोटंसं गोल्फचं मैदान होतं. एका वर्षी व्यवस्थापनाला काय लहर आली कोण जाणे, ते सगळ्या कर्मचाऱ्यांना खुलं झालं. व्हरांड्यात एका पिंपात साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्या उभ्या होत्या. कुणाची मूठ सोललेली, कुणाचं डोकं खिळखिळं. टायपिस्ट सहज बघायला गेला आणि बॉयलरच्या तावडीत सापडला. बॉयलर तेव्हा साहेबांचं खेळणं कुंपणाआडून बघून बघून स्वतःच शिकला होता आणि शिष्याच्या शोधात होता.

“यात डाव्या हाताची काठी असेल का?” टायपिस्टने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“अशी नसतेच,” बॉयलर ठामपणे म्हणाला होता. “आणि तू उजव्या हाताने लिहितोस की! डोकं खाली. गुडघा सैल. मार!”

त्याने मारला. चेंडू निघाला सरळ, मग काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळला आणि झाडीत शिरला. पुढे वर्षानुवर्षं तो तसाच वळत राहिला. बॉयलरने सगळे उपाय केले. पाय बदलून बघितले, मूठ बदलून बघितली, काखेत रुमाल धरायला लावला. एकदा तर मागे उभं राहून टायपिस्टचं डोकंच दोन्ही हातांनी घट्ट पकडलं आणि चेंडूऐवजी स्वतःच्या नडगीवर काठी खाल्ली. “वाकड्याला वाकडंच,” असं म्हणत लंगडत तो घरी गेला आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा हजर.

थंडी सरता सरता ते डोंगरावरच्या या मोठ्या मैदानावर यायचे. तेव्हा चौघं असायचे. कारखान्याच्या शाळेचे हेडमास्तर आणि चौकातला फोटोग्राफर, हे बाकीचे दोघे. गाडी फोटोग्राफरची. चढावर ती धापा टाकायची, मग तिघांनी उतरून ढकलायचं आणि हेडमास्तरांनी वयाचा मान म्हणून आत बसून सूचना द्यायच्या. चार संच डिकीत मावत नसत, म्हणून काठ्या मांडीवर आडव्या घेऊन बसायचं. आधी हेडमास्तर गेले, मग फोटोग्राफर. गाडी कुणी नेली कळलं नाही. आता दोघंच बसने येत.

गेल्या वर्षी तेही जमलं नाही. टायपिस्ट न्हाणीघरात घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर असताना मुलगी भेटायला आली होती. सकाळी बघते तर बाबा खिडकीपाशी बसून डाव्या हाताने दूधवाल्यासाठी चिठ्ठी लिहितायत. अक्षर मोकळं, झोकदार.

“बाबा, तुम्ही डावखुरे आहात?”

“होतो,” तो म्हणाला.

“आई, तुला माहीत होतं?”

“लग्नात हार घालताना डावा हात पुढे आला होता त्यांचा,” बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. “मी काही बोलले नाही. म्हटलं, घाबरले असतील.”

मुलगी परत गेली आणि दोन महिन्यांनी काठ्या आल्या. मनगट जुळलं, तरी उजव्या हाताचा फटका काही त्याला सोसेना. डाव्या हाताच्या काठीत उजव्याने नुसतं धरायचं असतं. मारतो डावा. टायपिस्ट पहाटे कारखान्यामागच्या मैदानावर एकटाच जायला लागला. बॉयलरला श्वास पुरत नसल्याने त्याने तिथे येणं कधीच सोडलं होतं, म्हणून त्याला याचा पत्ता लागला नाही.

आणि आता पहिल्या टीवर टायपिस्टने काठी मागे नेली आणि सोडली.

हाताला काही लागलंच नाही. चेंडू बसला की असंच होतं, असं हेडमास्तर सांगायचे. टायपिस्टला ते आजवर ऐकूनच माहीत होतं. चेंडू उठला, सरळ गेला, सरळच राहिला आणि हिरवळीच्या मधोमध पडून आणखी थोडा घरंगळला.

बॉयलरने डोळ्यांवर हात धरून चेंडू कुठे पडला ते बघितलं. मग म्हणाला, “हं.” आणि स्वतःचा चेंडू ठेवायला वाकला.

पुढचे दोन-तीन होल टायपिस्ट हवेत होता. म्हातारपणी दात यावेत तसं त्याला झालं होतं. प्रत्येक चेंडू बोट दाखवावं तिथे जात होता. पण मधोमध चालता चालता त्याला कसली तरी चुकचुक लागली. आधी कळेना. मग कळलं. ते दोघं बोलत नव्हते.

उजवीकडे निलगिरीची झाडी होती, आणि इतकी वर्षं ते या मैदानावरून चाललेच नव्हते. ते त्या झाडीतून चालले होते. टायपिस्टचा चेंडू हरवायचा, आणि बाकीचे दोघे पुढे गेले तरी बॉयलर काठीने पाचोळा उपसत त्याच्याबरोबर शोधायचा. माना खाली, एकमेकांकडे बघायचं नाही. तिथे बोलणं आपोआप निघायचं. बायकोच्या पोटातली गाठ साधी नाही, हे बॉयलरने तिथेच सांगितलं होतं, आणि त्या एका वेळी त्याचा आवाज इतका खाली गेला होता की टायपिस्टला “काय?” असं पुन्हा विचारावं लागलं होतं. मुलगी लांब राहायला जायची म्हणते, आपली झोप उडालीय, पण तिच्या आईसमोर हसावं लागतं, हे टायपिस्टनेही तिथेच कबूल केलं होतं. चेंडू कधी सापडायचा, कधी नाही. वास तेवढा अंगाला चिकटून घरी यायचा.

आज मात्र झाडी लांब होती आणि मधोमध ऊन होतं. बॉयलर दर थोड्या अंतरावर थांबायचा, काठीवर रेलायचा आणि डोंगर बघतोय असं दाखवायचा. “डोकं खाली” म्हणायला त्याला आज जागाच उरली नव्हती.

सातव्या होलला बॉयलरचाच चेंडू उजवीकडे गेला. दमलेल्या हाताने मारलेला, भोवरा होऊन झाडीत.

“राहू दे,” तो म्हणाला. “दुसरा घेतो.”

“का राहू दे? चल, शोधू.”

“अरे, जुना चेंडू आहे तो.”

“आपण काय नवे आहोत? चल.”

आत गारवा होता. दोघांनी थोडा पाचोळा उलटापालटा केला. मग बॉयलर एका आडव्या पडलेल्या खोडावर बसला. छाती भात्यासारखी चालली होती. टायपिस्ट तिकडे न बघता शोधत राहिला.

“मुलगा येतोय न्यायला,” बॉयलर म्हणाला. “नातवंडांच्या परीक्षा झाल्या की. तीन मजले चढून माझ्या घरी मीच पाहुण्यासारखा पोचतो आता, दम खात खात. तो म्हणतो, एकटं नाही ठेवणार.”

“बरोबरच आहे त्याचं.”

“बरोबर आहे रे. बरोबर आहे म्हणूनच भांडता येत नाही ना.”

“मग पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी काय! तिकडून येईन. गाड्या आहेत, विमानं आहेत.”

“आहेत की,” टायपिस्ट म्हणाला, आणि सापडण्यासारखं काही नसलेल्या जागी पुन्हा काठी फिरवली.

थोड्या वेळाने बॉयलर उठला. “दे बघू ती तुझी उफराटी काठी.”

त्याने ती हातात घेतली, पातं फिरवून बघितलं, मूठ धरली, बदलली, पुन्हा धरली. पायाशी निलगिरीचं एक बोंड पडलं होतं, त्याच्यावर नेम धरला आणि मारलं. काठी बोंडावरून वीतभर वरून गेली. तो स्वतः गिरकी घेऊन झाडावर आदळता आदळता राहिला.

टायपिस्टला हसू आवरेना. बॉयलरने पुन्हा मारलं. या वेळी माती उडाली. तिसऱ्यांदा बोंड कसंबसं बूटभर सरकलं.

“अरे, हे तर भयंकर आहे!” बॉयलर म्हणाला. “हात माझे नाहीतच असं वाटतं. कुणीतरी मागून ढकलतंय असं.”

“हो.”

बॉयलरचं हसणं हळूहळू उतरलं. “तुला असं वाटायचं? इतकी वर्षं?”

“हो.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

टायपिस्टने बुटाने बोंड बाजूला सारलं. खरं उत्तर त्याने स्वतःलाही कधी दिलं नव्हतं.

“तू इतका मन लावून शिकवत होतास,” तो म्हणाला.

बॉयलरने काठी त्याच्या हातात परत दिली. देण्याआधी पात्याला लागलेली माती शर्टाच्या बाहीला पुसली. “सरळ जातोय तुझा चेंडू,” तो बाहेर पडता पडता म्हणाला. “पण उजवा खांदा अजून लवकर फिरतो. तो आवर.”

“बरं,” टायपिस्ट म्हणाला. पुढच्या टीवर त्याने खांदा आवरला, आणि चेंडू खरंच आणखी लांब गेला. बॉयलर गरजला, “बघ! सांगितलं ना!” पाखरं उडाली.

शेवटच्या होलला दोघं बरोबरीत पोचले. बॉयलरने दुरून चेंडू ढकलला, तो भोकाच्या काठाला लागून बाहेर राहिला. टायपिस्टचा चेंडू हातभर अंतरावर होता. घातला की जिंकला. आजवर तो बॉयलरशी एकदाही जिंकला नव्हता.

त्याने वाकून रेघ बघितली. मग वाकून पुन्हा बघितली.

“मुद्दाम चुकलास,” बॉयलर मागून, आयुष्यात दुसऱ्यांदाच अगदी हळू म्हणाला, “तर माझ्याशी गाठ आहे.”

टायपिस्टने चेंडू घातला. भोकात तो टकटक वाजला. बॉयलरने टोपी काढली आणि हात पुढे केला.

विश्रामगृह मैदानाच्या कडेला होतं, खोली वरच्या मजल्यावर. चौघांच्या काळापासून एक रिवाज होता. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याची बॅग वर न्यायची. टायपिस्टने जन्मभर बॅगा वाहिल्या होत्या. त्याने सवयीने दोन्ही पट्टे खांद्याला लावले, तर बॉयलरने ते काढून घेतले.

“हात लावू नकोस.”

“अरे, पण जिना...”

“जिंकलायस ना? मग जिंकल्यासारखा उभा राहा.”

एका खांद्याला एक, दुसऱ्याला दुसरी, असा तो जिन्याकडे गेला. रखवालदाराने ते पाहिलं आणि तो धावत आला. “साहेब, मी नेतो ना!”

टायपिस्टने त्याला हाताने अडवलं. “नको. आज त्यांनीच न्यायच्या आहेत त्या.”

पावलं वर निघाली. काठ्या एकमेकींवर खुळखुळत होत्या. वळणावर पावलं थांबली. बराच वेळ थांबली. रखवालदाराने टायपिस्टकडे बघितलं. टायपिस्ट खालच्या पायरीवर बसला, जिन्याकडे पाठ करून. बूट काढून तो तळाला चिकटलेली माती काटकीने खरवडायला लागला. पावलं पुन्हा निघाली. परत थांबली, परत निघाली. एक बूट साफ झाला, दुसराही झाला, तरी तो खरवडत राहिला.

मग वर एक बॅग जमिनीला टेकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरी टेकली.