कोरड्या इंजिनाचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. मोटारीत स्टिअरिंगमागे, काचेआड बसून इंजिनाची उष्णता सांगणारा. माझ्या तारेचे टोक इंजिनातील पाण्यात बुडालेले असे. पाणी तापले की मी उजवीकडे सरके, निवले की डावीकडे. एवढेच माझे ज्ञान. तरीही माझा मालक चारचौघांत सांगे, "आपला काटा कधी थाप मारत नाही!" तेव्हा माझा ऊर अभिमानाने भरून येई.

त्या दिवशी भर दुपारी घाटात धुके इतके दाट होते, की रस्ता पुढे संपल्यासारखाच भासे. आईला दवाखान्यातून घरी आणण्यासाठी मालक व त्याची थोरली बहीण घाईने निघाली होती. बहीण कपड्यांना इस्त्री करण्याचा व्यवसाय करी.

अकस्मात इंजिनाची जुनी नळी फाटली. क्षणार्धात हीटरलाही ऊब देणारे, गोडसर वासाचे कूलंट मिसळलेले सारे पाणी रस्त्यावर सांडले आणि माझ्या तारेचे टोक कोरडे पडले. मला काहीच जाणवेना. मी हळूहळू डावीकडे कललो आणि 'थंड' या अक्षरांवर निपचित पडलो.

"अरे, पायाशी हीटरचं गरम वारं येत होतं, ते एकदम गार झालं," बहीण म्हणाली. "आणि हा गोडसर वास कसला?"

"तुझं नाक म्हणजे ना, ताई! काटा बघ. गाडी बर्फासारखी आहे."

मित्रांनो, मला ओरडता आले नाही. पुढे इंजिन निखाऱ्यासारखे तापत होते आणि मी प्रेतासारखा शांत होतो. थोड्याच वेळात गाडी आपोआप थांबली. त्या निःशब्द धुक्यात टिक्, टिक् असा आवाज येऊ लागला. जणू आतून कोणी नखाने दार वाजवत होते.

मालकाने बॉनेट उघडले, पाण्याची बाटली बगलेत धरली आणि रेडिएटरच्या टोपणावर वाकून हात पुढे नेला. बॉनेटखालच्या फटीतून मी सारे पाहत होतो.

"हात लावू नकोस!"

"ताई, आई तिकडे ताटकळली असेल. थंड आहे म्हटलं ना!"

"काट्याला विचारलंस, लोखंडाला विचारलंस का?"

बहिणीने त्याला मागे ओढले. तापलेली इस्त्री पाहतात तसे तिने बोटे ओली करून दुरूनच इंजिनावर थेंब उडवले. थेंब चर्र करून नाचले आणि दिसेनासे झाले.

मालक पांढराफटक पडला. "ताई, टोपण काढून पाणी ओतलं असतं, तर वाफेनं माझं तोंड..."

"आहे जागेवर. फार देखणं नाही, पण आईला तेच बघायचंय. बस आता गुपचूप. मी दवाखान्यात फोन करते."

इंजिन मात्र कायमचे निकामी झाले. गाडी भंगारात गेली आणि सांप्रत मी एका दुकानाच्या फळीवर पडून आहे. माझ्या तारा तोडल्या आहेत. तरीही बाहेर एखादे इंजिन कोरडे पडले, की मी आपोआप थरथरतो. का, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, गाडीच्या नळ्या वेळच्या वेळी पाहत जा. माझे ऐका; परंतु वारा, वास आणि आवाज यांचेही ऐका. काल एका गृहस्थाने मला उचलून निरखले. "अगदी नव्यासारखा आहे," असे तो म्हणाला. उद्या तो मला आपल्या गाडीत बसवणार आहे. त्या गाडीची नळी किती जुनी आहे, हे मला त्याला विचारता येत नाही.