शाळेत जाईल तेव्हा तुझा

माझ्या सासूने कुठल्याही यंत्राचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. टीव्हीला ती रिकामटेकडा म्हणते. मी घेऊन दिलेला मोबाइल तिने वर्षभर उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला होता, हवा लागून बिघडेल म्हणून. तीच बाई ऑगस्टमध्ये आपण होऊन फोन करते आणि मला सांगते, "अगं कुरालाय, आमच्याकडे नेट इतकं छान येतं, की विचारू नकोस!" माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

आम्ही राहतो किझिलोर्दा शहरात. सासू, म्हणजे आमची अपा, नदीपलीकडे, भाताची खाचरं संपतात त्याच्याही पुढच्या गावात. माझा मुलगा अल्दियार तिच्याकडेच वाढला. पहिलं मूल आजीआजोबांचं, ही आमच्यातली रीत. रीत कोणी पाडली ठाऊक नाही, पण ज्याने पाडली त्याला पान्हा फुटत नसणार एवढं नक्की. पोर वर्षाचं झालं आणि अपा न्यायला आली, तेव्हा मी सगळ्या पाहुण्यांसमोर एकच अट घातली होती, शाळेसाठी पोर माझ्याकडे परत यायचं. "शाळेत जाईल तेव्हा तुझा," अपा म्हणाली आणि शांतपणे चहा पीत राहिली. तेव्हापासून पोर आजीला अपा म्हणतं, मला म्हणतं कुरालाय आणि बापाला केनेस. सगळं गाव म्हणतं तसं. सुट्टीत गेले की मी खाऊ घेऊन येणारी कुरालाय असते.

सहा वर्षं मी सप्टेंबरची वाट पाहिली, आणि सप्टेंबर आला तो नेमका या साथीत. शाळा घरात शिरल्या. मुलाने फोनसमोर बसायचं आणि शिकायचं. शाळेत जाणं झालंच नाही, मग पोर माझं कसं होणार? मात्र एक फट होती. ज्यांना हवं त्यांच्यासाठी शाळेने लहान वर्ग ठेवले होते. थोडी मुलं, लांब लांब बाकं, तोंडाला मास्क. आईबापांनी फक्त ठरवून कळवायचं, घरून की शाळेतून.

"केनेस, मी शाळेत नाव देतेय," मी नवऱ्याला सांगितलं.

"एवढी घाई कसली आहे? बाहेर काय चाललंय बघतेस ना? एक सत्र जाऊ दे."

"मग इथे आण त्याला. घरून शिकायचं तर माझ्या घरून शिकेल."

"इथे कोण बसणार त्याच्यापाशी? मी डेपोत, तू दिवसभर लोकांच्या नाकात काड्या घालत हिंडतेस. अपाकडे नेट चांगलं आहे म्हणे."

"तुलाही फोन आला वाटतं त्या नेटच्या कौतुकाचा?"

त्याने मान फिरवली आणि माझा चहाचा कप विसळायला घेऊन गेला. हे आणखी एक नवीन होतं. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने स्वतःचा कप उचलला नाही, तो जूनपासून माझा कप घासत होता. पाठ धरते म्हणून बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपत होता. दवाखान्यातली माझी जोडीदारीण मैरा हे ऐकून म्हणाली, "नवरा कप घासायला लागला की समजायचं, बाहेर काहीतरी आहे." मी तिला गप्प केलं, पण तेव्हापासून त्याचा फोन वाजला की माझे कान टवकारायचे.

मी हो म्हटलं खरं. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासू, आणि मी सकाळी पांढरा डगला चढवायची ती संध्याकाळी उतरवायची. भांडायला अंगात जोर लागतो. पण माझं लक्ष होतं. अपाला मी व्हिडिओवर फोन केला, की तो हमखास बंद पडायचा. कधी बॅटरी गेलेली, कधी अल्दियार नुकताच शेळ्यांकडे गेलेला. "दे ना त्याला, वर्ग चालू असेल ना आता?" म्हटलं, की अपा म्हणायची, "चालू आहे, चालू आहे, म्हणून तर मध्ये बोलायचं नाही." आणि मागून कोंबड्यांचा आवाज यायचा. शनिवार आला की केनेस एकटाच गावाला जायचा, पीठ-साखर पोचवायला. मी येते म्हटलं, की म्हणायचा, नाक्यावर फार तपासणी असते, तुझी रविवारची ड्यूटी बुडेल. मायलेकरांचं काहीतरी शिजत होतं. मला वाटायचं, हे माझं पोर कायमचं तिकडे ठेवून घेणार आहेत, आणि मला कळेपर्यंत त्याला मिसरूड फुटलेलं असेल.

ऑक्टोबरच्या शेवटी वर्गाच्या गुल्झिरा बाईंचा फोन आला.

"कुरालाय, वाईट वाटून घेऊ नका, पण अल्दियारला कुणा तज्ज्ञाला दाखवता का?"

"का? काय झालं?"

"मी मुलांना एक गोष्ट दिली होती. बकरीचं पिल्लू लांडग्याला फसवतं, तीच. आपल्या शब्दांत सांगायची. तुम्हीच ऐका."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. माझ्या पोराचा आवाज, मोठा, बिनधास्त. "मग पिल्लू म्हणालं, ओ हूहू करणारे काका, मला खाऊ नका. हूहू करणारा म्हणाला, का नको खाऊ? मग हूहू करणाऱ्याचं शेपूट…"

"शेवटपर्यंत असंच," बाई म्हणाल्या. "साध्या लांडग्याला लांडगा म्हणता येत नाही त्याला? वर्गाला ऐकवलं तर मुलं लोळून हसली."

मलाही हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. अपाच्या थोरल्या दिराचं नाव कास्किरबाय, आणि आमच्या भाषेत कास्किर म्हणजे लांडगा. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही. दीर जाऊन जमाना झाला, पण उद्या गोठ्यात लांडगा शिरला तरी अपा "हूहू करणारा आला!" असंच ओरडेल. माझं नशीब की माझ्या दिरांच्या नावांचा कशालाच काही अर्थ होत नाही. म्हणजे ही गोष्ट पोराने बाईंच्या तोंडून ऐकलीच नव्हती. अपाने सांगितली होती. मग ते छान येणारं नेट काय करत होतं?

"बाई," मी जमेल तितक्या सहज विचारलं, "तो वर्गाला रोज असतो ना?"

"असतो कुठे? गावात नेट नाही, हे तुमच्या मिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की. मी धडे त्यांना पाठवते, ते शनिवारी तिकडे नेतात आणि पोराची उत्तरं घेऊन येतात. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे की," मी म्हटलं. परक्या बाईसमोर कशाला शोभा करून घ्या!

"बरं. आणि शाळेतल्या वर्गात एक जागा झालीय. पाठवायचं असेल तर सोमवारपर्यंत कळवा. हे असं घरून त्याचं नुकसानच होतंय."

शनिवारी केनेस गाडीशी गेला, तेव्हा मी आधीच पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते.

"हे काय? ड्यूटी?"

"बदलली."

"अगं, पण नाक्यावर…"

"नाक्यावर मी बोलेन. चल."

तो चालवत होता, मी बाहेर बघत होते. खाचरांत कापणी झालेली, धसकटं उरलेली. वाटेत मैराचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, "कुरालाय, सकाळी चहा घेतला, त्याला वासच नाही. कांदा हुंगला, त्यालाही नाही. तू जपून राहा हो, आपण कालपर्यंत एकाच ताटात जेवलोय." मी काळजी घे म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला. माझं डोकं सगळं पुढच्या भांडणात होतं. काय काय बोलायचं ते मी मनात लावून ठेवत होते.

अपा फाटकातच भेटली. मला पाहून तिचा चेहरा फुलला, आणि त्याचाच मला जास्त संशय आला.

"आलीस? सोडलीस का गं नोकरी?"

"नोकरी कशाला सोडू? अपा, मला तुमचं नेट बघायचंय. कुठंय ते?"

"नेट?" तिने खुराड्याकडे बोट केलं. "अगं, इथे नुसता फोन लागायला मला खुराड्यावर चढावं लागतं. पडले होते मागे."

"मग ऑगस्टमध्ये फोन करून कोण सांगत होतं, छान येतं म्हणून?"

"मीच. तूच तसं म्हणायला सांगितलंस ना?"

"मी?"

"केनेस म्हणाला मला. म्हणाला, 'अपा, कुरालायच म्हणतेय, साथ संपेपर्यंत पोराला माझ्यापासून लांब ठेवा. पण तिला तोंडाने बोलायला लावू नका, रडू येतं तिला. तुम्ही आपलं नेट चांगलं आहे, वर्ग चालू आहे एवढंच म्हणा, आणि पोराला फोनवर देऊ नका.' मी म्हटलं, बाई, काय काळीज आहे या पोरीचं! मला नसतं जमलं. आणि पोराला सांगितलं, तर तो रोज माझ्याशी भांडतो. म्हणतो, केनेस खोटारडा आहे, कुरालाय असं म्हणणारच नाही."

मी नवऱ्याकडे वळले. तो खाली वाकून गाडीचं चाक बघत होता. चाकाला काही झालेलं नव्हतं.

"केनेस."

"काय केनेस, केनेस!" तो एकदम उसळला. "काय सांगायचं होतं मी तुला? आमच्या डेपोतली दोन माणसं जूनमध्ये गेली. अपाचा दमा तुला माहीत आहे. तू संध्याकाळी येतेस, तोंडावर मास्कचे वळ, बोलायचं त्राण नाही, आणि मी काय म्हणू? की बये, तू आजाऱ्यांतून येतेस, पोराच्या जवळ जाऊ नकोस? हे तुला तोंडावर म्हणू?"

"म्हणून माझ्या नावावर खपवलंस."

"तूच म्हणायला हवं होतंस ते. तू म्हणेनास, म्हणून मी म्हटलं."

"आणि माझा कप?"

त्याने चाकाला पायाने टोचून पाहिलं.

"कप कशाने घासतोस, केनेस?"

"उकळत्या पाण्याने," तो म्हणाला.

पाठीचं मी विचारलंच नाही. इतके महिने मी सासूवर पाळत ठेवली, नवऱ्याचा फोन वाजला की कान लावले, आणि त्या घरात ज्याच्यापासून सावध राहायचं ते माणूस मी होते. मला संताप आला, आणि संतापाहून जास्त लाज वाटली. कशाची, ते धड सांगता येणार नाही. मी कुणाचं काय वाईट केलं होतं?

मी बाईंचा फोन, हसलेली मुलं, वर्गातली जागा, सगळं सांगितलं. अपाला उलगडा झाला, तशी ती माझ्या बाजूने उभी राहिली. हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने पोटच्या पोराला माझ्यादेखत झाडलं. "गाढवा, दोन बायकांना एकमेकींच्या आड ठेवून बसलास! मी इथे हिचं कौतुक करतेय, ही तिथे मला चोर समजतेय!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चोरच समजत होतीस ना? खरं सांग."

"हो," मी म्हटलं.

"असू दे. मीही समजले असते. हे बघ, मी चार माणसांत शब्द दिलाय. पोर शाळेत गेलं, आता तुझं. जागा आहे म्हणतेस ना शाळेत? मग सोमवारी बसव त्याला तिथे. माझी गोष्ट ऐकून मुलं हसणार असतील तर त्याने बाईंचीच ऐकावी. कपडे बांधून देते." आणि तिने घरामागे वळून हाक मारली, "माझ्या शिंगरा! ये बघू, कोण आलंय!"

मी जिंकले होते. न भांडता जिंकले होते. मी तिथेच धुळीत बसले आणि दोन्ही हात पसरले.

अल्दियार घराच्या कोपऱ्यावरून आला. किती उंच झाला होता! पुढचा दात पडलेला, पँट घोट्याच्या वर गेलेली. त्याने मला पाहिलं आणि हातातली काठी टाकून दिली.

"कुरालाय! अपा, बघ, आली! मी म्हटलं होतं ना तुला!"

तो धावत सुटला. धावताना त्याचं तोंड उघडं होतं, श्वास जोरजोरात चाललेला, आणि मला कांदा आठवला. मैराने हुंगलेला. कालपर्यंत एकाच ताटात. त्याच्यामागे अपा उभी होती, छातीवर हात धरून, हसत. हाक मारल्याने तिला धाप लागली होती.

पसरलेले हात मी तसेच पुढे केले, पण तळवे त्याच्याकडे करून.

"थांब!" मी ओरडले. "तिथेच थांब, अल्दियार! माझ्याजवळ येऊ नकोस!"

तो थांबला. इतका अचानक, की पाय घसरून पडता पडता राहिला. मी मास्क नाकावर ओढला, उठले, मागे सरले, फाटकाच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

अल्दियार हळूहळू मागे गेला, अपाचा झगा मुठीत धरला आणि मला ऐकू येऊ नये अशा बेताने, पण मला ऐकू आलंच, तिला म्हणाला,

"म्हणजे केनेस खरंच सांगत होता."